दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिन्याभराने जखम पुन्हा पुन्हा चिघळतेय? आधी इन्स्ट्रुमेंट उघडून बघा

ऑपरेशन झालं, पेशंट घरी गेला, आठव्या दिवशी टाके काढले तेव्हा जखम एकदम कोरडी होती, आणि मग तीन-चार आठवड्यांनी तोच पेशंट परत येतो की बेंबीजवळच्या टाक्याखाली एक गाठ आलीये, वरची कातडी काळपट-जांभळी झालीये आणि दाबलं की पातळ पाणी येतं. ताप नाही, फार दुखत नाही. अँटिबायोटिक दिलं की चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. पू तपासायला पाठवला तर रिपोर्ट येतो 'काही वाढलं नाही'. एक केस असेल तर आपण म्हणतो शुगर असेल, काळजी घेतली नसेल. पण दोन-तीन महिन्यांत अशा तीन केसेस आल्या आणि तिन्ही दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या असतील, तर पेशंटच्या घरी कारण शोधायचं थांबवा, कारण ते तुमच्या धुण्याच्या सिंकमध्ये आहे.

मी गेली बरीच वर्षं ओटी आणि सीएसएसडीमध्ये (इन्स्ट्रुमेंट धुवून निर्जंतुक करायचा विभाग) काम करते आणि हे सगळं आमच्याकडे घडलेलं आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही, कारण इतर ठिकाणच्या सिस्टर्सशी बोलले तेव्हा कळलं की ठिकाण बदलतं, गोष्ट तीच असते. आम्ही काय काय चुकीचं केलं तेही सगळं लिहितेय, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल.

पहिली केस आली तेव्हा अँटिबायोटिक बदललं. दुसरी आली तेव्हा ओटी बंद करून फ्युमिगेशन केलं, भिंतींचे, एसीचे, टेबलाचे स्वॅब पाठवले, सगळे स्वच्छ आले आणि आम्हाला वाटलं की झालं, सुटलो. तिसरी आली तेव्हा हात धुण्याच्या साबणावर आणि ड्रेसिंगच्या मटेरियलवर संशय घेतला. या सगळ्यात अडीच महिने गेले आणि त्या अडीच महिन्यांत तीच इन्स्ट्रुमेंट्स रोज वापरली जात होती. मला आजही याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते म्हणजे लॅबला फोन. हे जंतू बहुतेक वेळा नेहमीचे नसतात. टीबीच्या जंतूच्या जातकुळीतले पण टीबी न करणारे, पाण्यात आणि मातीत राहणारे मायकोबॅक्टेरिया असतात, चेलोनी, फॉर्च्युइटम, अ‍ॅबसेसस अशी त्यांची नावं. नेहमीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, दोन-तीन दिवसांत 'निगेटिव्ह' म्हणून टाकून देतात, आणि हे जंतू 'झपाट्याने वाढणारे' म्हणवले जात असले तरी त्यांना दिसायला आठवडाभर लागू शकतो. म्हणजे जंतू तिथे असतो, आपणच त्याला वेळ देत नाही. म्हणून सॅम्पल पाठवताना फॉर्मवर स्पष्ट लिहा की एएफबी स्मिअर (टीबीच्या जातकुळीतले जंतू काचेवर रंगवून बघायची तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर हवंय, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर उशिरा आलेलं इन्फेक्शन आहे. आणि नुसता स्वॅब फिरवून पाठवू नका, गाठीतला पू सुईने ओढून किंवा टिश्यूचा तुकडा पाठवा.

इथेच अजून एक चूक होते. स्मिअरमध्ये एएफबी दिसले की टीबी समजून एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स, सुरू होते. या झपाट्याने वाढणाऱ्या जातीवर टीबीची नेहमीची पहिल्या फळीची औषधं साधारणपणे चालत नाहीत, त्यामुळे पेशंट महिनोन्महिने गोळ्या खातो आणि जखम वाहतच राहते. कुठली जात आहे आणि तिला कुठलं औषध लागू पडतं हे बघूनच डॉक्टर ठरवतात, कोर्स बहुतेक वेळा काही महिन्यांचा असतो आणि कधी कधी तो सगळा भाग कापून काढावा लागतो. एका सेंटीमीटरच्या भोकासाठी पेशंटला हे भोगावं लागतं.

आता हा पाण्यातला जंतू पोटात पोचला कसा. नळाच्या पाण्यात, टाकीत, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात हे जंतू आरामात राहतात, पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाहीत, आणि त्यांच्या बाहेरच्या मेणासारख्या आवरणामुळे केमिकलसुद्धा लवकर आत शिरत नाही. इन्स्ट्रुमेंट बुडवून ठेवायचं जे केमिकल असतं त्या ग्लुटाराल्डिहाइडला पुरून उरणाऱ्या जाती तर सिद्धच झालेल्या आहेत. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या एका वर्षात दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर अशा इन्फेक्शनच्या १०५१ संशयित केसेस नोंदल्या गेल्या, एकूण ६३ हॉस्पिटलांमध्ये, आणि जो जंतू सापडला तो २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टिकून राहत होता. त्यानंतर २००९ मध्ये तिथे असली इन्स्ट्रुमेंट्स केमिकलमध्ये बुडवून निर्जंतुक करण्यावर सरकारी बंदी आली. त्या ६३ हॉस्पिटलांत सगळेच निष्काळजी होते असं मी मानत नाही, पद्धतच अशी होती की काटेकोर पाळली तरी फसणार.

तर मुद्द्यावर येते. तुमच्याकडचं मेरीलँड किंवा ग्रास्पर (दुर्बिणीच्या ऑपरेशनचे लांब चिमटे) हातात घ्या, आत्ता, जे 'धुवून, निर्जंतुक करून' कपाटात ठेवलंय तेच घ्या, आणि पूर्ण उघडा. हँडल वेगळं, बाहेरची काळी इन्सुलेशनची नळी वेगळी, आतला दांडा वेगळा. मग त्या नळीतून एक पातळ ब्रश किंवा पांढरा गॉज ओढून बाहेर काढा. आमच्याकडे गॉज तपकिरी निघाला. जबड्याच्या सांध्याजवळ वाळलेला काळा थर होता, तो नखाने सुटत नव्हता. त्या दिवशी आम्ही चार जणी होतो आणि दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही.

अजून खात्री करायची असेल तर नळीत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सोडा आणि दुसऱ्या टोकाला बघा, फेस आला तर आत रक्त आहे. नंतर ते नीट धुवून काढा मात्र, तसंच ठेवलं तर धातू खराब होतो. आणि काही इन्स्ट्रुमेंट अशी असतात की ती उघडतच नाहीत, कंपनीने कायमची जोडून बनवलेली असतात. त्यांना फ्लश करायला बाजूला छोटं तोंड असेल तर ठीक, ते पण नसेल आणि ती वारंवार वापरली जात असतील तर माझं स्पष्ट मत आहे की ती ट्रेमधून काढून टाका. जे आतून धुता येत नाही ते निर्जंतुक करता येत नाही. एकदाच वापरायची म्हणून बनवलेली ट्रोकार (पोटात भोक पाडून इन्स्ट्रुमेंट आत न्यायची नळी) आणि कात्र्या तर याच प्रकारात येतात, त्या पुन्हा धुण्यासाठी बनवलेल्याच नसतात, आत स्प्रिंग असतात, वॉशर असतात, फटी असतात, त्या कितीही भिजवल्या तरी आत ब्रश जात नाही.

घाण राहिली तर काय बिघडतं, नंतर केमिकलमध्ये टाकतोच की, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं. ग्लुटाराल्डिहाइड प्रोटीन घट्ट करतं. लॅबमध्ये टिश्यू आहे तसा टिकवून ठेवायला हेच केमिकल वापरतात. म्हणजे रक्ताचा थर असलेलं इन्स्ट्रुमेंट त्यात बुडवलं की रक्त जागच्या जागी पक्कं होतं आणि त्याच्याखालचे जंतू झाकले जातात, प्रत्येक केसला एक थर वाढतो. स्पिरिटचं तसंच, फॉर्मेलिनचं तसंच. आणि धुण्याआधी ब्लीचच्या टबात टाकून ठेवायची जी जुनी सवय आहे तीही सोडा, रक्त असेल तर ब्लीच तिथेच खर्च होतं आणि स्टीलला खड्डे पडतात, डब्ल्यूएचओसुद्धा धुण्याआधी इन्स्ट्रुमेंट जंतुनाशकात भिजवू नका असंच सांगते. मावशींना सुरक्षित वाटावं म्हणून ते करत असाल तर त्यांना जाड ग्लोव्हज, गॉगल, मास्क आणि प्लास्टिक एप्रन द्या, संरक्षण त्याने होतं.

धुण्याची पद्धत आम्ही नंतर जी बसवली ती सांगते. सुरुवात ओटीतच होते. केस चालू असतानाच स्क्रब सिस्टरने इन्स्ट्रुमेंटचं टोक ओल्या गॉजने पुसत राहायचं आणि नळीतून स्टराइल पाणी सोडत राहायचं, सलाइन वापरायचं नाही कारण मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि मग त्याच खड्ड्यात घाण बसते. केस संपली की लगेच ओलं ठेवून धुण्याच्या खोलीत. वाळू द्यायचं नाही. एकदा रक्त वाळलं की दहा मिनिटांचं काम तासाचं होतं आणि मग ते तासाचं काम दहा मिनिटांत उरकलं जातं, हे मी रोज बघितलंय.

पहिलं पाणी गार किंवा कोमट. गरम पाणी ओतलं की रक्तातलं प्रोटीन शिजून चिकटतं, साधारण ४५ डिग्रीच्या वर हे व्हायला लागतं. मग एन्झाइमचं द्रावण, बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ, अंदाजाने नाही, आमच्याकडे मोजायचा ग्लास कधीच हरवला होता आणि दोन-तीन वर्षं सगळे झाकणाने मोजत होते. हेही कोमट पाण्यातच, फार गरम पाण्यात एन्झाइम मरतं. सगळं उघडलेलं, जबडे उघडे, नळ्यांमध्ये सिरिंजने द्रावण भरलेलं, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढा भाग कोरडाच राहतो. मग ब्रश. ब्रश नळीच्या मापाचा पाहिजे, बारीक असला तर भिंतीला लागत नाही, जाड असला तर जात नाही, आणि पाण्याच्या खाली बुडवून घासायचं म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. दुसऱ्या टोकाने ब्रश बाहेर आला पाहिजे, तो धुवून परत ओढायचा, स्वच्छ येईपर्यंत.

अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर यानंतर त्यात, आधी नाही, कारण मशीन सांध्यातली बारीक घाण काढतं, ढोबळ घाण नाही. दुर्बीण म्हणजे लेन्सवाला टेलिस्कोप मात्र त्यात अजिबात घालू नका. मशीन चालतंय का हे बघायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी पाण्यात उभी धरून चालवा, सगळीकडे सारखी बारीक भोकं-खळगे पडले पाहिजेत. आमच्या मशीनमध्ये अर्धी पट्टी जशीच्या तशी बाहेर आली, म्हणजे एक बाजू बंद होती आणि आवाज मात्र नेहमीसारखाच यायचा.

शेवटचं पाणी शक्यतो आरओ किंवा डिस्टिल्ड. आणि वाळवणं. वाळवणं कोणीच मनावर घेत नाही. ओल्या नळीत रात्रभर जंतू वाढतात, हे पाण्यातलेच जंतू आहेत, त्यांना तेवढंच हवं असतं. दाबाची स्वच्छ हवा नळीतून मारा, मग उभं टांगून ठेवा. इतकं सगळं केल्यावर भिंग लावलेल्या दिव्याखाली बघा, आणि जे स्वच्छ नाही ते परत सिंकमध्ये, कितीही घाई असली तरी.

आता केमिकलचा भाग, कारण बहुतेक ठिकाणी खरी गोची इथे आहे. २ टक्के अ‍ॅक्टिव्हेटेड ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं ठेवलं की जे होतं ते 'हाय लेव्हल डिसइन्फेक्शन', म्हणजे नेहमीचे जंतू, व्हायरस, फंगस मरतात, पण जंतूंचे स्पोअर्स, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं, राहतात. निर्जंतुक म्हणायला १० तास लागतात. दोन केसेसच्या मध्ये १० तास कोणाकडे असतात? तर २० मिनिटं ठेवतात, आणि लिस्ट लांब असली की ती २० ची १२ होतात, आणि डॉक्टर हात धुवून उभे असले की अजून कमी.

द्रावणाचं वय साधारण १४ दिवस, पण हे १४ दिवस कागदावरचे आहेत, ओली इन्स्ट्रुमेंट्स टाकत राहिलं की प्रत्येक वेळी थोडं पाणी त्यात जातं आणि पाचव्या-सहाव्या दिवशीच ते पातळ झालेलं असू शकतं. म्हणून टेस्ट स्ट्रिप रोज, वापरायच्या आधी, आणि स्ट्रिप फेल झाली तर दुसराच दिवस असला तरी टाकून द्या. झाकणावर अ‍ॅक्टिव्हेट केल्याची तारीख लिहा, आमच्या ट्रेवर तारीख होती पण ती आधीच्या बॅचची, पुसून नवी लिहायची कोणाची जबाबदारी हे ठरलेलंच नव्हतं.

आणि त्याहून मोठी चूक त्यानंतर. केमिकलमधून काढलेलं इन्स्ट्रुमेंट कशात खळबळता? आमच्याकडे एक स्टीलचा टब होता, सकाळी 'उकळलेलं पाणी' म्हणून भरलेला, तो दिवसभर उघडा असायचा आणि कमी झाला की त्यात नळाचं पाणी घातलं जायचं. म्हणजे २० मिनिटं केमिकलमध्ये जे काय मारलं ते या टबात परत लागायचं आणि तिथून थेट पोटात. लॅबने त्या टबाच्या पाण्यातून जंतू वाढवला तेव्हा कोडं सुटलं. खळबळायला फक्त स्टराइल पाणी, प्रत्येक केसला नवीन, आणि एकदा नाही तीन वेळा, कारण ग्लुटाराल्डिहाइड टिश्यूलाही भाजतं.

ग्लुटा बंद करून ओपीए नावाचं दुसरं केमिकल आणलं की झालं, असं आम्हाला सुचवलं गेलं होतं. ०.५५ टक्के ओपीए १२ मिनिटांत काम करतं, वास कमी, डोळे चुरचुरत नाहीत, हे खरं, आणि मायकोबॅक्टेरियावर ते जास्त जलद आहे हेही खरं, पण तेही हाय लेव्हल डिसइन्फेक्शनच, आणि टब, ब्रश, उघडून धुणं हे न बदलता फक्त बाटली बदलली तर काहीच बदलत नाही. डब्यात फॉर्मेलिनच्या गोळ्या ठेवून त्यावर इन्स्ट्रुमेंट ठेवायची पद्धत तर पूर्ण बंद करा, वाफ नळीच्या आत किती पोचते याची कुठली खात्री नाही आणि त्या वाफेतल्या फॉर्मल्डिहाइडला २००४ पासून माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे, तो डबा रोज उघडणारी सिस्टर ते श्वासातून घेते.

नियम जुना आहे, अमेरिकन मायक्रोबायोलॉजिस्ट अर्ल स्पॉल्डिंग यांनी गेल्या शतकातच मांडलेला. जे शरीराच्या निर्जंतुक भागात जातं ते निर्जंतुकच हवं, जे फक्त ओल्या अस्तराला लागतं, जसं एंडोस्कोप किंवा लॅरिंगोस्कोपचं ब्लेड, त्याला किमान हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, आणि जे नुसतं अख्ख्या कातडीला लागतं, जसं बीपीचा पट्टा, त्याला साधी सफाई आणि हलकं जंतुनाशक. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं इन्स्ट्रुमेंट पोटात जातं. म्हणजे पहिला गट. म्हणजे ऑटोक्लेव्ह, दाबाच्या वाफेचं मशीन. आजकालची बहुतेक ग्रास्पर, ट्रोकार, कात्र्या ऑटोक्लेव्ह होतात, बऱ्याच टेलिस्कोपही होतात, त्यावर तसं कोरलेलं असतं, आणि जे उष्णता सहन करत नाही ते प्लाझ्मा किंवा ईटीओमध्ये, म्हणजे कमी तापमानाला निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये. मग लोक का करत नाहीत? कारण सेट एकच असतो आणि केसेस चार. सगळ्या ट्रेनिंगपेक्षा आमच्याकडे फरक पडला तो दुसरा आणि तिसरा सेट आल्यावर, आणि ते येईपर्यंत दिवसाच्या दुर्बिणीच्या केसेस कमी केल्यावर. हे मॅनेजमेंटला सांगणं अवघड जातं, पण आकडा समोर ठेवा, एक सायकल धुण्यापासून थंड होईपर्यंत किती तास लागते आणि लिस्टवर दोन केसमध्ये किती मिनिटं आहेत, वाद तिथेच संपतो.

ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे झालंच असंही नाही. उभा, कुकरसारखा ऑटोक्लेव्ह असेल तर आतली हवा पूर्ण जाऊ द्या, मगच व्हॉल्व्ह बंद करा. काटा १५ पौंड दाखवतो म्हणजे आत १२१ डिग्री आहे असं आपण धरून चालतो, पण अर्धी हवा आत राहिली असेल तर त्याच १५ पौंडाला तापमान ११२ च्या आसपासच असतं, आणि काट्यावर काही कळत नाही. वेळ मोजायची ती १२१ ला पोचल्यावर, स्विच लावल्यापासून नाही, आणि गुंडाळलेल्या पॅकला अशा साध्या मशीनमध्ये ३० मिनिटं द्या. व्हॅक्यूमवाल्या मशीनमध्ये १३४ ला तीन-चार मिनिटांत होतं ते आतली हवा ओढून घेतल्यामुळे, ती ओढली जातेय का हे रोज सकाळी पहिल्या रिकाम्या सायकलला बोवी-डिक टेस्ट लावून बघायचं. ड्रम वापरत असाल तर बाजूची भोकं आत घालताना उघडी आणि बाहेर काढल्या काढल्या बंद, हे उलटं झालेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कोणाचाही ड्रम दिसला की आधी तिकडेच लक्ष जातं.

टेपवर काळ्या रेषा आल्या याचा अर्थ पॅक मशीनमध्ये जाऊन आला, इतकाच. आत काय झालं ते आतल्या इंडिकेटर पट्टीवरून कळतं, म्हणून प्रत्येक ट्रेच्या मध्यभागी एक पट्टी, आणि आठवड्यातून किमान एकदा स्पोअरची बाटली, म्हणजे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची, इम्प्लांट असेल तर त्या प्रत्येक लोडला. बाटली फेल आली तर मशीन बंद, आणि मागच्या चांगल्या टेस्टपासूनचे सगळे पॅक परत. त्यासाठी प्रत्येक पॅकवर लोड नंबर आणि तारीख पाहिजे, आणि तोच नंबर पेशंटच्या पेपरवर. हे नसल्यामुळे आम्हाला कुठल्या पेशंटला कुठला सेट लागला हे शोधायला ओटीचं जुनं रजिस्टर पानापानाने वाचावं लागलं.

पॅक ओला निघत असेल तर जास्त भरलंय, किंवा वाळायचा वेळ कापलाय, किंवा गरम पॅक थंड फरशीवर-स्टीलवर ठेवलाय. ओला पॅक निर्जंतुक धरायचा नाही, ओल्या कापडातून जंतू आत ओढले जातात. तपकिरी डाग आला तर साध्या खोडरबरने घासून बघा, निघाला आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर तो पाण्याचा किंवा रक्ताचा डाग, खाली खड्डा दिसला तर गंज, ते इन्स्ट्रुमेंट काढून टाका.

छोट्या क्लिनिकमध्ये दुर्बीण नसते पण हाच प्रश्न दुसऱ्या रूपात असतो. कातरी स्पिरिटने पुसून परत वापरणं, डेंटलचा हँडपीस बाहेरून पुसणं (तो आतल्या पाण्याच्या वाटेने तोंडातली लाळ-रक्त मागे ओढतो, प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हच हवा), बोटाला टोचायचं शुगरचं पेन घरात सगळ्यांना एकच, सुई बदलली पण सिरिंज तीच. उकळल्याने स्पोअर्स मरत नाहीत. हिपॅटायटिस बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जगतो, हिपॅटायटिस सी सिरिंजमध्ये राहिलेल्या थेंबात ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलेला आहे, आणि दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत बिलहार्झिया या जंताच्या आजाराच्या उपचारासाठी लोकांना सरकारी मोहिमेतून इंजेक्शनं दिली, काचेच्या सिरिंज पुन्हा पुन्हा वापरून, आणि हिपॅटायटिस सी एवढा पसरला की तो देश त्या आजारात जगात सगळ्यात वर गेला. देणाऱ्यांना बरंच करायचं होतं. १९७६ मध्ये आफ्रिकेत झाईरमधल्या (आताचं काँगो) यांबुकू गावच्या मिशन हॉस्पिटलमध्ये रोज सकाळी पाच सिरिंज काढायच्या आणि पेशंटांमध्ये कोमट पाण्याने खळबळून त्याच वापरायच्या, तिथून इबोला पसरला. सिरिंज आणि सुई याबाबत पद्धत सुधारायची वगैरे काही नाही, एकदा वापरली की फेकायची.

आणि चूक झालीच आहे असं कळलं तर लपवू नका. रक्त लागलेलं इन्स्ट्रुमेंट न निर्जंतुक करता दुसऱ्याला लागलं असेल तर तासांचा हिशोब असतो, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली, हिपॅटायटिस बीची लस शक्यतो २४ तासांत. दुसऱ्या दिवशी मीटिंग घेऊ म्हटलं की ती वेळ गेली. आमच्याकडे सगळ्यात अवघड भाग फोन करण्याचाच होता. काही नातेवाईक रागावले, साहजिक आहे, पण एक ताई म्हणाल्या की मला तीन महिने वाटत होतं माझ्याच अंगात काहीतरी दोष आहे, बरं झालं सांगितलंत. तो फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

सुधारणा केल्यावर लगेच निकाल बघायला जाऊ नका, या बाबतीत सगळे फसतात. टब फेकला, सेट वाढवले, पंधरा दिवस नवीन केस नाही, म्हणून लोक खूश होतात आणि मग चौथ्या आठवड्यात एक येते आणि सगळ्यांना वाटतं उपाय फुकट गेला. ती केस सुधारणेच्या आधीची असते. प्रत्येक पेशंटच्या ऑपरेशनची तारीख बघा, गाठ दिसली ती तारीख नाही. आम्ही दुर्बिणीच्या प्रत्येक पेशंटला ३०, ६० आणि ९० व्या दिवशी फोन करायचं ठरवलं, विचारायचे प्रश्न दोनच, टाक्याजवळ गाठ लागते का आणि पाणी येतं का. आमची शेवटची केस सुधारणेनंतर पाचव्या आठवड्यात आली, ऑपरेशन मात्र टब फेकायच्या नऊ दिवस आधीचं होतं. त्या पेशंटचं औषध अजून चालू आहे, जखम आता सुकत आलीये, आणि फोनचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असतं.